पडलेल्याला उचलू नये

४ मार्च

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र बाजूला ठेवलं असेल, तर ठेवा. चहा झाल्यावर उघडा. माझा फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज न वाचता पुसून टाकता. पत्र फाडायचं तरी निदान हातात घ्यावं लागतं, म्हणून हा जुना मार्ग धरला.

आधी एक सांगते, जाऊबाईंवर रागावू नका. त्यांनी चुगली केलेली नाही, त्या घाबरल्या होत्या आणि घाबरलेल्या माणसाला थोरली जाऊच आठवणार. गरम पाण्याने अंघोळ करून तुम्ही बाथरूममधून बाहेर आलात आणि दारातच कोसळलात, हे त्यांनी सांगितलं. पुढचंही सांगितलं. त्यांनी आणि शेजारच्या काकांनी काखेत हात घालून तुम्हाला उभं केलं आणि भिंतीला टेकवून धरून ठेवलं. तुमचा चेहरा राखेसारखा झाला, डोळे फिरले, हातांना झटके यायला लागले. त्यांना वाटलं फिट आली, म्हणून अजून घट्ट धरलं. शेवटी काकांचे हात भरून आले, तुम्ही घसरून फरशीवर आडवे झालात आणि मग डोळे उघडलेत.

भाऊजी, काकांचे हात दमले म्हणून तुम्ही वाचलात.

मी जाऊबाईंना विचारलं, उचललंत कशाला? तर म्हणाल्या, "यांनीच लग्नानंतर बजावून ठेवलंय. आमच्या घरात पडलेल्याला आधी उभं करायचं, काय झालं ते मग विचारायचं."

हा नियम मलाही या घरात आल्या आल्या शिकवला होता. आजोबांच्या वेळेपासूनचा आहे. आजोबा चालताना डुलायचे, मग बाबा डुलायला लागले. जीभ जड झाली, हातातला चमचा तोंडाशी पोचेपर्यंत वाट चुकायला लागला. पिढीजात आजार आहे हे रस्त्यावरच्या लोकांना कोण सांगणार? त्यांना एवढंच दिसायचं की फोटोफ्रेमच्या दुकानाचा मालक भर दुपारी पिऊन पडलाय. म्हणून घराण्याने ठरवून टाकलं, माणूस पडला की लोक बघायच्या आत उभा करायचा. त्यात कुणाची चूक नव्हती. निव्वळ तोल जाऊन पडलेल्या माणसाला उचललं तर बिघडत काहीच नाही.

पण या आजाराचं दुसरं एक अंग आहे आणि ते चालण्यात दिसत नाही. तुमच्या दादांना तपासणाऱ्या नसांच्या डॉक्टरीणबाईंनी मला फार सोपं करून सांगितलं. आपण उभे राहिलो की रक्त पायांत उतरतं. ते वर ढकलायचं काम शरीर आपल्याला न विचारता करत असतं, घाम आणण्याचं, लघवी अडवण्याचं काम करतं तसंच. या आजारात काही जणांचं शरीर ही न विचारता करायची कामंच विसरायला लागतं. मग उभं राहिलं की डोक्याला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो. खाली आला की रक्त आपोआप डोक्याकडे जातं. म्हणजे पडणं हाच अर्धा उपाय असतो, आणि आपण तोच काढून घेतो.

तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाही. चक्कर शंभर कारणांनी येते, ते तपासून डॉक्टरांनीच सांगायचं. पण तपासणीला जाईपर्यंत एवढं करा. डोळ्यांसमोर अंधारलं की असाल तिथे आडवे व्हा, पाय खुर्चीवर घ्या, आणि कुणी उचलायला आलं तर उचलू देऊ नका. जाऊबाईंना मी सांगितलंय, पण तुम्ही "उचल" म्हणालात की त्या उचलणार. ते तुमच्याच तोंडून यायला हवं.

हे पत्र मी लिहितेय हे तुमच्या दादांना माहीत नाही.

तुमची वहिनी

१९ मार्च

भाऊजी,

उत्तर नाही. हरकत नाही. पालथ्या घड्यावर पाणी घालायची मला सवय आहे, तुमच्याच घरात पडली.

आज दुकानाबद्दल लिहिते. दुकान तुमचंही आहे आणि तुम्ही किती वर्षांत पाहिलेलं नाही. समोरच्या बसथांब्याला आता छप्पर आलंय. शेजारच्या चष्मेवाल्याने जागा सोडली आणि तिथे दातांचा डॉक्टर आला, त्यामुळे आपल्याकडे तोंड धरून बसलेली माणसं फ्रेमा बघायला येतात आणि बोलू शकत नाहीत म्हणून घासाघीस करत नाहीत. बाबांचं मोठं टेबल तसंच आहे. वर तोच हिरवा गालिचा ठोकलेला, त्याच्या कडा मात्र मी बदलल्या.

काच आता मी कापते. हसू नका. यांच्या बोटांनी ऐकणं सोडलं तेव्हा यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, रेघ एकदाच ओढायची, आवाज कागद फाटल्यासारखा आला पाहिजे, आणि मनात शंका आली तर कापूच नकोस. पहिल्या महिन्यात मी एवढ्या काचा फोडल्या की दातांचा डॉक्टर डोकावून गेला. हे एकदाही ओरडले नाहीत. फक्त प्रत्येक तुकडा उचलून म्हणायचे, "ही लहान फोटोला होईल." अजूनही आमच्याकडे लहान फोटोंच्या काचा संपलेल्या नाहीत.

हे चाकांच्या स्टुलावर बसून माउंटचे, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याचे, रंग निवडतात. त्यात यांचा हात धरणारा कुणी नाही. गिऱ्हाईक लाल मागतं, हे शांतपणे राखाडी समोर धरतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं की मला राखाडीच हवा होता.

आणि हे आडवे होतात. हे मला तुम्हाला नीट सांगायचंय, कारण मला त्याचा जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही.

सकाळी उठताना आधी पडल्या पडल्या ग्लासभर पाणी, मग पाय खाली सोडून बसणं, मग पोटऱ्या आवळून उभं राहणं, मांडीपर्यंत घट्ट मोजे. मीठ डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेवढं, मोजून. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. रात्री डोकं उंच ठेवायचं आणि चक्कर आली की पाय उंच. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बाई, एकदा काय ते ठरवा. त्या हसल्या आणि पुन्हा सगळं समजावून सांगितलं.

एवढं करूनही शरीर कधी कधी दगा देतं. मग हे जिथे असतील तिथे निजतात. भाजीच्या बाजारात, शाळेच्या सभेत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. बॅंकेत रांगेत उभे असताना झालं, तर खाली निजून पाय भिंतीला लावले आणि पुढच्या बाईंना म्हणाले, "मी तुमच्या मागे आहे हं, नंबर जाऊ देऊ नका." रांग पुढे सरकली तसे हेही पाठीवर सरकले. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले की सकाळी सकाळी ढोसून आलाय. त्यावर यांनी खालूनच सांगितलं, "नाही हो. प्यायलो असतो तर उभं राहायचा हट्ट धरला असता."

अख्खी बॅंक हसली. ते गृहस्थही हसले आणि यांची पिशवी धरून उभे राहिले. मी दारातून बघत होते. या माणसाच्या आजोबांना आणि बाबांना जी भीती जन्मभर पुरली, ती यांनी फरशीवर पाठ टेकून संपवली. मला तेव्हा रडूही आलं आणि नवरा निवडण्यात मी चुकले नाही असंही वाटलं.

जाऊबाई म्हणाल्या की तुमच्या कपड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजरने बसायचं नाही असा नियम आहे. आणि सारखं बाथरूमला जावं लागू नये म्हणून तुम्ही दिवसभर पाणी पीत नाही. भाऊजी, बाबा हेच करायचे. पाणी तोडलं की रक्त अजून कमी पडतं. लघवीच्या घाईवर औषध आहे, यांना दिलंय. यांना आता या भागातली सगळी स्वच्छतागृहं पाठ आहेत आणि कुठे कडी लागत नाही हेही. लाज वाटायचं काय त्यात? पाणी प्या.

वहिनी

११ एप्रिल

भाऊजी,

तुमचं एका ओळीचं उत्तर मिळालं. "वहिनी, आमच्या घरात नाक खुपसू नका." नाक खुपसू नका म्हणालात, पण वहिनी म्हणालात. तेवढ्या एका शब्दावर मी हे पत्र लिहायला बसले आहे. मला कमी लागतं, माहीत आहे तुम्हाला.

आता जे आपण कुणीच बोलत नाही ते मी बोलते. उचलली जीभ लावली टाळ्याला असं तुम्ही माझ्याबद्दल म्हणायचात, मग तसंच समजा.

तुमच्या लग्नाच्या दिवशी मी सामान ठेवायच्या खोलीच्या दाराशी होते, म्हणून मला स्टेज आणि हॉल दोन्ही दिसत होते. तुमच्या सासरी आजाराबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, पाहुण्यांसमोर सारखं जावं लागू नये म्हणून. दिव्यांनी हॉल तापला होता. खुर्ची दिली तर बसेनात, मुलाच्या लग्नात बाप बसून राहिला असं कुणी म्हणायला नको.

मग त्यांचा रंग गेला. तुम्ही स्टेजवरून उडी मारून त्यांना मागून धरलंत. नव्या सुटाची शिवण काखेत उसवली, ती मी नंतर पाहिली. दोन्ही हातांनी तुम्ही त्यांना उभं धरून ठेवलं होतं, फार जोर लावून, आणि त्यांची मान लोंबत होती. हे धावत आले. तेव्हा यांना धावता येत होतं. त्याच महिन्यात हे बाबांना दवाखान्यात घेऊन गेले होते. तिथे त्यांचा रक्तदाब आधी निजवून आणि मग उभं करून मोजला, त्यातलं अंतर यांना दाखवलं आणि काय करायचं ते सांगितलं. यांनी ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्ही लग्नाच्या गडबडीत होता. ऐकलं नाहीत म्हणून मी दोष देत नाही.

हे म्हणाले, "खाली ठेव." तुम्ही म्हणालात, "लोक बघतायत." मग यांनी तुमच्या हातातून बाबांना ओढून घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत गालिच्यावर निजवलं. पाय खुर्चीवर ठेवले. तुमचे सासरे विचारायला आले, तर यांनी आजाराचं नावसुद्धा सांगितलं. आणि संध्याकाळी हॉलच्या मागच्या गेटपाशी तुम्ही यांना म्हणालात, "तू माझ्या लग्नात बाबांना जमिनीवर घातलंस. मला भाऊ नाही."

पुढे बाबा गेले तेव्हा तुम्ही आलात, उभे राहिलात आणि उभ्यानेच परत गेलात.

तुम्हाला वाटतं बाबांना त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथे होते, मला तसं दिसलं नाही. पण माझ्या डोळ्यांवर तुम्ही विश्वास ठेवू नका. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्या क्षणाचा फोटो आहे. फोटोग्राफरला तुम्ही सगळे पुसायला लावलेत, त्याने एक ठेवला. पुढे मुलीचं प्रमाणपत्र फ्रेम करायला तो आमच्याकडे आला तेव्हा खिशातून काढून यांच्या हातात दिला आणि म्हणाला की असा फोटो पुन्हा मिळत नाही. यांनी तो स्वतः फ्रेम केला. राखाडी माउंट. दुकानातच आहे. उभ्या माणसाला दिसत नाही.

फोटो पाठवणार नाही. पाकीट फाडाल.

वहिनी

८ मे

भाऊजी,

हनुवटीला टाके पडलेत असं कळलं.

हे पत्र लपवून लिहिलेलं नाही. काल जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी काच कापत होते. रेघ अर्ध्यावर सोडता येत नाही, म्हणून यांनी उचलला. मी वर बघितलं तेव्हा यांचा चेहरा असा झाला होता की मी हातातली काच हळूच खाली ठेवली.

तुम्ही शोरूमच्या ट्रायल रूममध्ये पडलात. आरशाच्या कडेने हनुवटी फुटली. तुमच्या दोन सेल्समननी दार लावून घेतलं आणि बाहेरचं गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या एवढ्याशा खोलीत तुम्हाला उभं धरून ठेवलं. का, तर साहेबांनी सांगून ठेवलंय. म्हणजे आजोबांचा नियम तुम्ही तिथेही शिकवलात. शुद्धीवर यायला या खेपेला फार वेळ लागला असं जाऊबाई म्हणाल्या, आणि मग रडायला लागल्या.

मला तुमचा राग येतो. असा राग फक्त आपल्या माणसाचा येतो. पुढच्या वेळी धरणाऱ्यांचे हात दमले नाहीत तर काय? जाऊबाईंनी काय करायचं? तुमची मानमर्यादा उभी राहील आणि तुम्ही नसाल.

यांना मी सगळी पत्रं सांगितली. मला वाटलं रागावतील. हे बराच वेळ स्टुलावर मागेपुढे होत राहिले, मग त्यांच्या त्या सावकाश जिभेने म्हणाले, "त्याला लिही, इथे ये म्हणावं. मी उचलणार नाही."

हेच लिहून घेतलं. मी शब्द बदललेले नाहीत. यांना तुमच्याकडे येता आलं असतं तर कालच निघाले असते. एवढ्या लांबच्या बसमध्ये बसणं, मधे उतरता न येणं आणि हा उन्हाळा, यांना आता झेपत नाही. घाम येत नाही, अंग नुसतं तापत जातं, दुपारी मानेवर ओला रुमाल ठेवून बसतात.

या.

वहिनी

२ जून

भाऊजी,

तुम्ही नीट पोचल्याचं जाऊबाईंनी कळवलं. वाटेत पाणी प्यालात हेही कळवलं. माझे हेर आता पक्के आहेत.

निघताना तुम्ही म्हणालात की मधलं काहीच आठवत नाही. म्हणून मी पाहिलं तसं लिहून ठेवते. तुमच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठीही.

दुपारची वेळ होती. दारात सावली पडली म्हणून मी मान वर केली. तुम्ही चौकटीला हात धरून उभे होता. हनुवटीवर पट्टी, इस्त्रीचा शर्ट. बसमध्ये जागा असूनही अर्धी वाट उभ्याने आलात हे नंतर कळलं. हे स्टुलावर होते. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी मोठं बोलणार.

हे म्हणाले, "बस."

तुम्ही म्हणालात, "उभा बरा आहे."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच, असं माझ्या मनात येतंय तोवर तुमचा रंग गेला. ओठ आधी पांढरे झाले. चौकटीवरचा हात सुटला. मी हातातला कटर टाकून धावले आणि भाऊजी, एवढी पत्रं लिहिणारी मी, माझे दोन्ही हात थेट तुमच्या काखेत गेले. तुम्हाला वर ओढायला लागले. घराण्याचं वळण आहे ते, सुनेच्याही हातात उतरतं.

हे ओरडले. लग्न झाल्यापासून मी यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "हात काढ," म्हणाले, "हळू खाली घे."

मी घेतलं. हे स्टुलावरून उतरले. उभे राहिले असते तर तेही पडले असते, म्हणून गुडघ्यांवर आले आणि काचेच्या दुकानाच्या फरशीवरून रांगत तुमच्यापाशी पोचले. दुकानात पाय पसरायला एकच जागा आहे, मोठ्या टेबलाखालची. आम्ही दोघांनी तुम्हाला तिथे सरकवलं. यांनी तुमचे बूट काढले आणि तुमचे पाय माउंटच्या पुठ्ठ्यांच्या पेटीवर ठेवले. बुटाच्या नाड्या सोडायला यांना फार वेळ लागला, बोटं जागेवर जातच नव्हती. मी मदत करायला वाकले तर मानेने नको म्हणाले. पाय वर ठेवले आणि तुमच्या गालांना रंग यायला लागला. मी कितीदा तरी हे यांच्या बाबतीत पाहिलं आहे, तरी दर वेळी माझा श्वास त्या रंगासाठी अडलेला असतो.

मग एवढ्या श्रमाने यांचंच डोकं हलकं झालं. म्हणून हेही तुमच्या शेजारी निजले आणि त्याच पेटीवर पाय ठेवले. एका पेटीवर चार पाय. टेबलाबाहेर मला फक्त तेवढेच दिसत होते.

अशात शाळेच्या बाई आल्या. त्यांच्या वर्गाचा फोटो तयार होता. त्यांनी पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दुकान बंद आहे का?"

टेबलाखालून हे म्हणाले, "उघडं आहे, बोला."

बाई वाकल्या आणि टेबलाखाली बघून त्यांनी काठ थोडा रुंद हवा होता असं सांगितलं. हे म्हणाले, रुंद केला तर मुलं लहान दिसतील. बाईंना ते पटलं. जाताना त्यांनी विचारलं की शेजारचे कोण. हे म्हणाले, "धाकटा भाऊ. आजच आलाय."

तुमचे डोळे उघडे होते तेव्हा. ते कदाचित तुम्ही ऐकलंही असेल, पण त्या क्षणी तुमच्या पायाचा अंगठा हलला ते तुम्हाला माहीत नाही, मी पाहिलं.

आणि मग तुम्ही वर बघितलंत. टेबलाच्या खालच्या बाजूला, आडव्या माणसाच्या बरोबर तोंडावर, यांनी तो फोटो स्क्रूने बसवला आहे. म्हणूनच तुम्हाला लिहिलं होतं की उभ्या माणसाला दिसत नाही. हे चक्कर येऊन तिथे निजतात तेव्हा तो बघत पडतात.

फोटोत बाबा गालिच्यावर निजले आहेत. पाय खुर्चीवर, एक मोजा घसरलेला. यांचा हात त्यांच्या पोटरीवर. तुम्ही वर उभे, उसवलेल्या सुटात, मान दुसरीकडे वळवून पाहुण्यांकडे बघताय. आणि बाबा हसतायत. तोंडभर, दात दाखवून. जन्मभर फोटोत तोंड मिटून बसलेला माणूस. बाबांचे दात दिसतात असा आपल्या घरात तो एकच फोटो आहे.

मी काच पुसायचं नाटक करत होते. मग तुमचा आवाज आला, पाण्यातून आल्यासारखा. "बाबा हसतायत."

हे म्हणाले, "आडवे झाल्यावर हसलेच. म्हणाले, किती वर्षांनी पाठ टेकली रे. तू तेव्हा उभा होतास."

यापुढे तुम्ही रडलात ते मी लिहीत नाही, ते तुमचं आहे. मी दुकानाबाहेर जाऊन बसथांब्यावर बसले. दातांच्या डॉक्टरने विचारलं, वहिनी, दात दुखतोय का? मी हो म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला आधी निजवून आणि मग उभं करून तपासलं, अंतर सांगितलं, आणि हा पिढीजात आजार तुमच्यातही उतरलाय का ते सांगणारी रक्ताची तपासणी करायची की नाही हे तुम्ही आणि जाऊबाईंनी मिळून ठरवायचं असं सांगितलं. मी त्यावर काही बोलणार नाही. खरंच बोलणार नाही. पण घट्ट मोजे पाठवले आहेत, ते घाला. सुटाखाली दिसत नाहीत.

हे म्हणतायत, तुला चामड्याचे बूट शोभतात पण नाड्यांचे घेऊ नकोस.

वहिनी

१७ जून

भाऊजी,

आज थोडंच लिहिते, हातातलं काम अर्धं आहे.

जाऊबाईंचा फोन सकाळी आला. या खेपेला त्या रडत नव्हत्या, हसत होत्या, आणि एवढ्या हसत होत्या की मला पहिलं वाक्य कळेचना. काल शोरूममध्ये गर्दी होती. तुम्ही एका नवऱ्या मुलाला कोट घालून दाखवत होता. डोळ्यांपुढे अंधारलं तेव्हा तुम्ही त्याच्या हातात टेप दिलीत, दिव्यांखाली, आरशांच्या मधोमध गालिच्यावर निजलात आणि पाय गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर ठेवलेत. ते दोन्ही सेल्समन काखेत हात घालायला धावले. तुम्ही म्हणालात, "उचलू नका." आणि मग त्या नवऱ्या मुलाला खालून सांगितलंत की बाही अर्धं बोट कमी करावी लागेल, इथून बरोबर दिसतंय.

हे सगळं मी यांना सांगितलं. ऐकून झाल्यावर हे स्टुलावरून उतरले, गुडघ्यांवर आले आणि रांगत मोठ्या टेबलाखाली गेले. मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले, वाकून विचारलं, चक्कर आली का?

"नाही," म्हणाले, "बाबांना सांगतोय."

तुमची वहिनी